अशोकाचे मोठे शिलालेख आणि लघु शिलालेख, नक्की कुठला कुठे?

गुजरातमधलं गिरनार आणि कर्नाटकातलं मस्की, दोन्हीकडे खडकावर ब्राह्मी लिपीत कोरलंय आणि दोन्ही अशोकाचंच, त्यामुळे लोक सर्रास एकाच यादीत टाकतात. पण गिरनारला मोठे शिलालेख आहेत आणि मस्कीला लघु, यात खडकाच्या साइजचा काही संबंध नाही, आत काय लिहिलंय ते बघायचं.

मोठे म्हणजे चौदा लेखांचा सेट, आणि विषय बराचसा राज्यकारभाराचा. माणसांना-जनावरांना औषधोपचार, रस्त्याकडेला विहिरी, धम्माचं काम बघणारे धम्ममहामात्र नावाचे अधिकारी, अगदी राजाच्या मुदपाकखान्यात आता दोन मोर आणि एखादं हरीणच मारलं जातं, पुढे तेही बंद, इतकं बारीक. कलिंगात एक लाख मेले, दीड लाख धरून नेले हे सांगणारा तेरावा लेख यातलाच, पण खुद्द कलिंगात, म्हणजे ओडिशातल्या धौली आणि जौगडला, अकरा ते तेरा नंबर गाळलेत आणि त्याऐवजी अधिकाऱ्यांना दम दिलाय की लोकांना विनाकारण तुरुंगात डांबू नका. मला तर हे मुद्दाम केलेलं वाटतं, ज्यांची माणसं मेली त्यांनाच परत आकडे कशाला ऐकवायचे!

हे लेख बहुतेक राज्याच्या कडेकडेने आहेत. आजच्या पाकिस्तानात शाहबाजगढी आणि मानसेहरा (तिथे लिपी खरोष्ठी), उत्तराखंडात कालसी, आणि आपलं नालासोपारा, तेव्हाचं मोठं बंदर, जिथे १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला.

लघु लेख याच्याही आधीचे आणि सूर एकदम पर्सनल. अडीच वर्षांहून जास्त काळ बौद्ध उपासक आहे पण पहिलं वर्षभर फारसा जोर लावला नाही, मग भिक्खूसंघाच्या जवळ गेलो आणि मनापासून लागलो, असं सम्राट स्वतः सांगतोय. हे रूपनाथ, बैराट, सासाराम, दिल्लीत बहापूर असे विखुरलेत, पण गर्दी कर्नाटकात, ब्रह्मगिरी, सिद्दापूर, नित्तूर वगैरे. मस्की फेमस झालं कारण १९१५ मध्ये तिथे चक्क 'अशोक' हे नाव सापडलं, तोवर मिळालेल्या लेखांत नुसतं देवानंपिय पियदसी ('देवांचा लाडका' वगैरे बिरुदं), आणि तो म्हणजे अशोक हे श्रीलंकेच्या बौद्ध ग्रंथांवरून जुळवलेलं. चौदाच्या सेटमध्ये हे नाव कुठेच नाही.

आंध्रातल्या येर्रगुडीला मात्र दोन्ही प्रकार एकाच जागी आहेत, आणि तिथल्या लघु लेखाच्या काही ओळी चक्क उजवीकडून डावीकडे कोरल्यात.