दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं का?

नाही. घरी एक आणि पाळणाघरात दुसरी भाषा ऐकणारी मुलंही साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतात. गफलत होते ती मोजण्यात. एका भाषेत ३० आणि दुसरीत २५ शब्द येणाऱ्या मुलाची एकच यादी तपासली, की ते मागे पडल्यासारखं वाटतं. बालशिक्षणात येऊ पाहणाऱ्यांनी दोन्ही भाषांतली नोंद ठेवायला आधी शिकावं. बोलण्यातली खरी अडचण दोन्ही भाषांत दिसते. तशी दिसली, तरी घरची भाषा मुळीच तोडू नका, श्रवणचाचणी करून वाचातज्ज्ञांना दाखवा.

द्वैभाषिक पुस्तक वाचताना ओळीगणिक भाषांतर नको. मूल सोप्या भाषेची वाट पाहतं, दुसरीकडे कानच देत नाही. आज अख्खी गोष्ट एका भाषेत, उद्या दुसरीत वाचा.