अपेंडिक्सचं दुखणं: ओळख, निदान आणि ऑपरेशननंतरचा त्रास

मोठं आतडं जिथून सुरू होतं तिथं, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, करंगळीएवढी एक बंद नळी असते ती अपेंडिक्स, आणि तिचं तोंड कडक मळाच्या खड्याने किंवा आतल्या सुजेने बुजलं की ती सुजते, यालाच अपेंडिसायटिस म्हणतात. कुठल्याही वयात होतो, पण 10 ते 30 मधे जास्त.

सुरुवात फसवी असते. आधी बेंबीभोवती मंद दुखतं, भूक मरते, एखाददोन उलट्या होतात, आणि घरात सगळे म्हणतात गॅस असेल, कालची तिखट सावजी भाजी बाधली असेल, नाहीतर बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतात, एरंडेल देतात. हे दोन्ही करूच नये, सुजलेली नळी फुटायचा धोका असतो. साधारण 12 ते 24 तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि पेशंट एक बोट ठेवून सांगतो, "आता इथं दुखून राहिलं." कारण आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही, सूज पोटाच्या आतल्या पडद्याला लागली की मगच ती कळते. अमेरिकन सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी ही जागा 1889 मधे दाखवली, उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे एक तृतीयांश अंतरावर. ऑटोतून येताना प्रत्येक स्पीड ब्रेकरला कळ आली का, हे डॉक्टर विचारतात ते उगाच नाही, धक्क्याने सुजलेला पडदा हलतो आणि दुखतं.

क्रम बघा. आधी दुखणं आणि मग उलटी असेल तर अपेंडिक्सचा संशय घ्यायचा, आधी उलटी-जुलाब असतील तर बहुधा पोट बिघडलंय. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडून मुतखडाही बराच दिसतो, पण खड्याचा पेशंट तळमळतो, कूस बदलत राहतो आणि कळ कमरेतून जांघेत उतरते, अपेंडिक्सवाला मात्र गुडघा वाकवून गप पडून राहतो.

तपासणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी, लघवी, सोनोग्राफी, आणि तरुण बाईची प्रेग्नन्सी टेस्ट हवीच, कारण गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला तरी असंच दुखतं. लक्षणं आणि तपासण्यांना गुण देऊन काढतात तो अल्वाराडो स्कोअर (1986) 10 पैकी असतो, 7 किंवा जास्त आला तर संशय पक्का होतो. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे सुटलो असं नाही, गॅसमुळे अपेंडिक्स दिसत नाही कधीकधी, मग सीटी स्कॅन करतात.

सगळ्यात घातक वेळ म्हणजे खूप दुखता दुखता अचानक आराम पडतो ती. घरचे निश्चिंत होतात, पण अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं, काही तासांत ताप चढतो, पोट कडक होतं. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटकडून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत येणाऱ्यांचे तर निम्मे तास रस्त्यातच जातात, म्हणून अशा आरामावर थांबू नये, लगेच निघावं.

ऑपरेशननंतर टाके लाल होणं, पू येणं हे बहुतेक पहिल्या आठवड्यात कळतं. बरा झालेला पेशंट पाचव्या-सातव्या दिवशी पुन्हा तापला, शेंबडासारखी शी वारंवार होऊ लागली तर ओटीपोटात पू साठल्याचा संशय घ्यायचा, हे जुलाबाच्या गोळीवर काढू नये. आतडी एकमेकांना चिकटल्याने होणारा अडथळा महिन्यांनी किंवा वर्षांनीही होतो, पोट फुगतं, मुरडा येतो, उलटी होते, गॅस-शी बंद. तेव्हा जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं आणि ऑपरेशन 10 वर्षांपूर्वीचं असलं तरी डॉक्टरला आधी तेच सांगावं.