बांगड्याला हद्द कोण दाखवणार?

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र 1987 सालापासून अभयारण्य आहे. एकूण क्षेत्र 29 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा भाग, जेमतेम 3.18. मालवणच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि पर्यावरणवाद्यांना तो हटवाद वाटतो. मला मात्र वाटतं की या भांडणात एक साधा प्रश्न विचारायचाच राहून जातो: अभयारण्य नेमकं कोणत्या माशासाठी?

रापण घ्या. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायचे. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. त्यात बांगडा असतो, तारली असते. हे मासे थव्याने फिरतात. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जिकडे दाट, तिकडे थवा. आज मालवणात, उद्या आणखी कुठे. सलग पोहत निघालेला बांगडा तो गाभा तासाभरात ओलांडून जाईल. तेव्हा एवढ्याशा क्षेत्रात रापण थांबवून बांगडा वाढेल असं कुणी म्हणत असेल, तर रापणकराने हसावं हेच योग्य. शास्त्रही त्याच्याच बाजूने आहे.

गोबऱ्याचं तसं नाही. तो खडपातला, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ जागेतला मासा. ठरावीक खडकांच्या आसऱ्याने राहतो आणि सावकाश वाढतो. त्याच्या बऱ्याच जाती जन्मतः मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर त्यांतल्या काही नर बनतात. गळाला लागलेला भला थोरला गोबरा बाजारात भाव खातो, पण खडपातून नेमका नरच उणा होतो. उरलेल्या माद्या कितीही असल्या तरी अंडी फळायला नर लागतोच. शिवाय अंड्यांचा हिशेब वजनाच्या प्रमाणात चालत नाही. अटलांटिकमधल्या कॉड माशाचं उदाहरण 2018 साली शास्त्रज्ञांनी मांडलं: 30 किलोची एक मादी जेवढी अंडी देते, तेवढी द्यायला 2 किलोच्या 28 माद्या लागतात, म्हणजे एकूण 56 किलो मासळी. खडप राखला तर अशा थोराड माशांना जगायला जागा मिळते.

आत वाढलेल्या माशांचा बाहेरच्याला काय उपयोग? न्यूझीलंडमधल्या ली (Leigh) इथलं राखीव क्षेत्र 1975 साली जाहीर झालं. ते साडेपाच चौरस किलोमीटरचं, म्हणजे मालवणच्या गाभ्याहून फार मोठं नाही. तिथल्या स्नॅपर माशांचे डीएनए तपासले, तेव्हा 55 किलोमीटरपर्यंतच्या परिसरातून गोळा केलेल्या पिल्लांपैकी सुमारे 10 टक्के पिल्लांचे आईबाप या चिमुकल्या क्षेत्रातले निघाले. अंडी आणि अळ्या प्रवाहाबरोबर वाहत गेल्या होत्या. त्याच लीमध्ये शेवंडाची, म्हणजे लॉबस्टरची, गोष्ट मात्र उलटी. क्षेत्राची हद्द किनाऱ्यापासून 800 मीटरवर संपते आणि शेवंड ऋतुमानानुसार त्यापलीकडे खोल पाण्यात जातात. तिथे पिंजरे टाकून मासेमार तयारच असतात.

मग हद्द मोठी करा, असं कुणी म्हणेल. हवाईजवळ 2016 साली राखीव समुद्र 15 लाख चौरस किलोमीटरपर्यंत वाढवला गेला. त्याच्या सीमेजवळ पिवळ्या पराचा ट्यूना 54 टक्के अधिक मिळू लागल्याचा निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यावर मत्स्यशास्त्रज्ञांमध्येच वाद आहे. पण तो खरा धरला तरी एवढा मोकळा समुद्र कोकणात आणायचा कुठून? इथे दर खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांचं गाव आहे.

आणि खर्च कोणी सोसायचा हेही बघायला हवं. किनाऱ्यालगत बंदी आली की पहिली झळ रापणकराला आणि लहान होडीवाल्याला. पर्ससीनवाला, म्हणजे यांत्रिक नौकेवरून मोठं गोल जाळं टाकणारा, खोल पाण्यात अख्खा थवाच घेरतो. थवा किनाऱ्याला लागतच नाही. राज्याने 2016 साली पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने 2017 साली एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणारी मासेमारी बंद केली, तरी तक्रारी चालूच आहेत. नुकसान आजचं आणि याच गावाचं, फायदा काही वर्षांनी आणि तोही वाहत जाऊन दुसऱ्याच गावाच्या जाळ्यात, असा हा सौदा आहे. तो नाकारणाऱ्याला अडाणी ठरवणं मला पटत नाही.

पावसाळी बंदीकडे पाहा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौका बंद असतात. बांगडा-तारली साधारण याच मोसमात अंडी घालतात, त्यामुळे थवा कुठेही असला तरी त्याला थोडी उसंत मिळते. बिनयंत्राच्या होड्यांना मात्र या बंदीतून सूट आहे, म्हणजे इथे भार मोठ्यांवर पडतो. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत कोळी-गाबितांमध्ये सरकारी नियमाच्या कितीतरी आधीपासून आहे.

म्हणून मालवणात बांगड्यासाठी वेळेची बंदी आणि पर्ससीनवर कडक गस्त असावी, आणि गोबरा, तांबोशी अशा खडपातल्या माशांसाठी मोजके खडप राखावेत. ते खडप कोणते, हे गळ टाकणाऱ्यांना विचारूनच ठरावं.