सोन्यावर चिकटलेला रेणू उजेडाने वळवायचा तर

अझोबेंझीनचा रेणू म्हणजे दोन बेंझीनची कडी आणि मध्ये दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी बंध. सरळ, चपटं रूप ते ट्रान्स. बंधापाशी मुडपलेलं ते सिस. द्रावणात हा रेणू अगदी आज्ञाधारक असतो. ३२० नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशात तो मुडपतो, ४४० च्या निळ्यात पुन्हा सरळ होतो.

तोच सोन्यावर ठेवला, की ढिम्म हलत नाही. प्रकाशाने मिळालेली ऊर्जा काही फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) धातूत मुरते, आणि रेणूला वळायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. शिवाय दोन्ही कडी पृष्ठभागाला चिकटलेली असतात, मग एक उचलणार कशी?

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ मायकेल क्रॉमी यांच्या गटाने २००७ साली यावर तोडगा दाखवला. रेणूला टर्ट-ब्युटिलचे (कार्बन-हायड्रोजनच्या फुगीर झुबक्यांचे) चार जाडजूड गट जोडायचे. ते पायांसारखे काम करतात, रेणू सोन्यापासून जरा वर राहतो आणि पकड सैल होते. असे रेणू प्रकाशाने मुडपतात आणि परतही येतात.

गंमत पुढेच आहे. बर्लिनमधल्या प्रयोगांतून दिसलं, की प्रकाश इथे बऱ्याच अंशी रेणूत नाही, सोन्यातच शोषला जातो. सोन्याचा डी-पट्टा, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जापातळ्यांचा एक दाट गठ्ठा, फर्मी पातळीखाली (धातूतले इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेखाली) साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्टवर सुरू होतो. फोटॉनमुळे तिथे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा तयार होते, ती रेणूच्या भरलेल्या कक्षेत सरकते आणि क्षणभर धनभारित झालेला रेणू वळतो. म्हणजे अडवणारा धातूच ढकलतोही. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: सिसवरून ट्रान्सकडे उष्णतेने परतण्याचा अडथळा सोन्यावर खूपच कमी होतो. म्हणून नमुना थंड ठेवावा लागतो.

प्रयोगात आधी अतिनिर्वातात सोन्याचा स्फटिक आर्गॉन आयनांच्या माऱ्याने घासून, मग तापवून सपाट करतात. रेणूंचा थर एका रेणूपेक्षा जाड झाला, तर वरचे रेणू सोन्याला न टेकताच वळतात आणि निष्कर्ष फसतो. रेणू पाहायला स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक वापरतात, तो पृष्ठभागाच्या अगदी जवळून सुई फिरवून सुई आणि पृष्ठभाग यांमधला विद्युतप्रवाह मोजतो. प्रकाश टाकताना ही सुई मागे घ्यायची, कारण लेझरने ती तापून लांबते आणि पृष्ठभागावर आदळू शकते. शिवाय सुईतला विद्युतप्रवाहही रेणू वळवतो. त्यामुळे तीच जागा, तेवढाच वेळ, सुई मागे पण प्रकाश बंद, अशी एक फेरी करायलाच हवी.