रॉकेटच्या नाकात भरायचे वजन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या संचातील रॉकेट जोडून झाल्यावर खोक्याच्या तळाशी राखाडी क्लेची एक लहान पुडी उरते आणि ती जादा सामान समजून बाजूला ठेवली जाते, असे अनेक ग्राहकांशी बोलताना आमच्या लक्षात आले आहे. त्यातील क्ले रॉकेटच्या नाकात वजन म्हणून भरायची असते, म्हणजे ती पुडी रॉकेटचाच एक भाग आहे. त्यातील क्ले किती वापरावी हे मात्र आम्ही खोक्यावर छापू शकत नाही, कारण आपण कोणती मोटर (रॉकेटला उडवणारी इंधनाची नळकांडी) बसवता, गोंद किती लावता आणि रंगाचे हात किती देता, यावर ते ठरते. ते प्रमाण घरच्या घरी मोजून कसे काढावे, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

दिवाळीत बाटलीत उभा करून सोडतात त्या बाणाची काडी तुटलेली असेल तर तो समोरच्या चाळीच्या गॅलरीत शिरतो, हे मुंबईत वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ती लांब काडीच त्या बाणाला दिशा देत असते. मॉडेल रॉकेटला काडी नसते. तिचे काम मागचे फिन, म्हणजे शेपटीचे पंख, आणि पुढचे वजन मिळून करतात. उडणारे रॉकेट झुळकीने किंचित तिरके झाले की ते आपल्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे ज्या बिंदूवर त्याचा तोल साधतो त्याभोवती, वळू लागते आणि त्याच वेळी बाजूने येणारी हवा त्याला ढकलते. या हवेचा सगळा जोर ज्या एका बिंदूवर एकवटला आहे असे मानता येते, तो बिंदू म्हणजे दाबकेंद्र. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर हवा शेपटीला मागे रेटते आणि नाक पुन्हा वाटेवर येते. ते पुढे असेल, तर तिरकेपणा वाढत जातो आणि रॉकेट हवेतच कोलांट्या घेते. म्हणून गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे किमान नळीच्या एका व्यासाइतका असावा, असा सर्वत्र रूढ असलेला नियम आहे. एक ते दोन व्यास एवढे अंतर आम्ही योग्य मानतो.

दाबकेंद्र नाकाच्या टोकापासून किती अंतरावर आहे, हे प्रत्येक संचाच्या सूचनापत्रात दिलेले असते. जेम्स आणि ज्युडिथ बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मॉडेल रॉकेटसाठी मांडलेल्या सूत्रांनी आम्ही ते काढतो. आपण फिनचा आकार बदलला असेल किंवा नळी कापली असेल, तर तो आकडा लागू पडत नाही. अशा वेळी ओपनरॉकेट या मोफत संगणक-प्रणालीत नवी मापे भरून पाहावीत. संगणक नसल्यास रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर मूळ मापात कापून ती पट्टीच्या धारेवर तोलावी; जिथे तोल साधतो तो बिंदू दाबकेंद्र समजावा. या पद्धतीत दाबकेंद्र प्रत्यक्षापेक्षा पुढे दिसते, त्यामुळे थोडे वजन अधिक भरले जाते. मात्र चूक सुरक्षिततेच्या बाजूने होते.

गुरुत्वमध्य मोजणे त्याहून सोपे आहे आणि तरीही सर्वाधिक चुका तिथेच होतात. रॉकेट फूटपट्टीच्या धारेवर आडवे तोलावे आणि तोल साधेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. मात्र तोलताना पॅराशूट, ते जळू नये म्हणून त्याखाली घातलेले संरक्षक भरण आणि न वापरलेली मोटर जागेवर असलीच पाहिजे. मोटर पेटवणारा इग्नायटर मात्र लावलेला नसावा. मोटर शेपटीत बसते, म्हणून ती भरलेली असताना रॉकेट सर्वांत मागे जड असते. इंधन जळत जाते तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणजे खरी परीक्षा उड्डाणाच्या पहिल्या क्षणीच होते. रिकाम्या रॉकेटचा तोल पाहून समाधान मानू नये.

एक उदाहरण घेऊ. रॉकेट ४५ सेंटीमीटर लांब आहे, नळीचा व्यास २५ मिलिमीटर आहे आणि दाबकेंद्र टोकापासून ३३ सेंटीमीटरवर आहे. ए वर्गाची (मोटरचे वर्ग तिच्या जोरानुसार असतात; ए कमी, सी अधिक) सुमारे १६ ग्रॅमची मोटर घातल्यावर एकूण वजन ५२ ग्रॅम भरते आणि तोल ३०.५ सेंटीमीटरवर साधतो, म्हणजे बरोबर एका व्यासाचे अंतर मिळते. रॉकेट छान उडते. पुढच्या वेळी उंचीच्या हौसेने त्याच जागी सी वर्गाची सुमारे २४ ग्रॅमची मोटर बसवली जाते. शेपटीत ८ ग्रॅम वाढतात, एकूण वजन ६० ग्रॅम होते आणि गुरुत्वमध्य ३२ सेंटीमीटरवर सरकतो. आता अंतर जेमतेम १ सेंटीमीटर उरले. आदल्या आठवड्यात सरळ गेलेले रॉकेट आज का भरकटले, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो; त्याचे उत्तर बहुतेक वेळा या ८ ग्रॅममध्ये असते.

हा तोल परत ३०.५ वर आणायचा आहे. एकूण वजनाला, गुरुत्वमध्य जितका पुढे न्यायचा त्या अंतराने गुणावे : ६० गुणिले १.५, म्हणजे ९०. त्याला, वजन ठेवायची जागा आणि नवा गुरुत्वमध्य यांतील अंतराने भागावे. वजन टोकापासून ३ सेंटीमीटरवर बसणार असेल तर हे अंतर २७.५ सेंटीमीटर येते आणि उत्तर ३.३ ग्रॅम निघते. तेच वजन नळीत १५ सेंटीमीटरवर ठेवले तर सुमारे ५.८ ग्रॅम लागतात. म्हणून क्ले नाकाच्या अगदी टोकापर्यंत दाबून भरावी. स्वयंपाकघरातील वजनकाटा एवढी लहान वजने नीट दाखवत नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

वजन कशाचे असावे, याबद्दल आमचा आग्रह आहे. गणपतीनंतर घरात उरलेली शाडूची माती काही जण नाकात भरतात. शाडू वाळताना आकसते, तिला भेगा पडतात, ती सुटी होते आणि पाणी उडून गेल्याने तिचे वजनही घटते, म्हणजे केलेला हिशेब वाया जातो. आमच्या पुडीतील क्ले तेलात मळलेली असल्याने वाळत नाही. मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या लहान जागेत बसतात, हे खरे. परंतु शिसे विषारी आहे, मुलांच्या हाती ते येऊ नये आणि धातूने भरलेले नाक डोक्यात बसले तर इजा गंभीर होते, म्हणून आम्ही ते देत नाही. क्ले भरल्यावर वरून इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाचा) पातळ थर द्यावा, नाहीतर पॅराशूट बाहेर फेकले जाताना बसणाऱ्या झटक्याने ती निखळते. इपॉक्सी घट्ट होताना तापते आणि प्लॅस्टिकचे नाक वाकडे करू शकते. एकदम न ओतता ती थोडी थोडी घालावी. इपॉक्सीचे वजनही हिशेबात धरावे.

जितके जास्त तितके बरे, असे मात्र समजू नये. रॉकेट जड झाले की लाँच रॉड (सुरुवातीला त्याला सरळ धरणारी सळई) सोडताना त्याचा वेग कमी पडतो, आणि पुरेशा वेगाशिवाय फिन काम करत नाहीत. सी वर्गाच्या सर्वसाधारण मोटरसाठी उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन ११३ ग्रॅमच्या वर जाऊ नये. आपल्या मोटरच्या वेष्टनावर दिलेली मर्यादा अंतिम मानावी. गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर रॉकेट वारा जिकडून येतो तिकडे तोंड वळवते आणि वर जाण्याऐवजी आडवे पळते. मुंबई आणि परिसरात दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून सकाळची वेळ निवडावी. शिवाय पॅराशूट उघडले नाही तर नाकजड रॉकेट सरळ खाली येते. याच कारणाने शहरातील मैदानांवर, मग ती कितीही मोठी असोत, आमची रॉकेट उडवू नयेत. विमानतळापासून दूर, शहराबाहेरच्या मोकळ्या जागी, जागेच्या मालकाची आणि स्थानिक पोलिसांची परवानगी घेऊनच उडवावीत. बऱ्याच वजनाची गरज पडत असेल, तर त्याऐवजी नळी लांब करणे किंवा मोठे फिन लावणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पहिल्या उड्डाणापूर्वी दोरीची चाचणी करावी. गुरुत्वमध्याच्या खुणेवर सुमारे अडीच मीटर दोरी बांधून, चिकटपट्टीने ती घट्ट करून, मोकळ्या जागी रॉकेट डोक्याभोवती फिरवावे. नाक पुढे ठेवून ते फिरले तर तोल ठीक आहे. लांब रॉकेट काही वेळा या चाचणीत अडखळते, तरी उड्डाणात स्थिर असू शकते; अशा वेळी हिशेब पुन्हा तपासावा. इमारतीच्या गच्चीवर ही चाचणी करू नये.

पावसाळ्याआधी बांधलेले रॉकेट दिवाळीच्या सुमारास बाहेर काढताना पुन्हा तोलावे, कारण बाल्सा या हलक्या लाकडाचे फिन आणि पुठ्ठ्याची नळी दमट हवेत ओलावा धरतात आणि त्यातील फिनचे वजन शेपटीत वाढते. हिशेब जमत नसेल तर रॉकेट आमच्या कार्यशाळेत घेऊन यावे. तोल आम्ही विनाशुल्क साधून देतो. मोटर सोबत आणू नये. लोकलने स्फोटक किंवा ज्वालाग्राही वस्तू नेण्यास मनाई आहे, आणि प्रत्येक वर्गाच्या मोटरइतक्याच वजनाचे लाकडी नमुने आमच्याकडे ठेवलेले असतात. आपल्या मोटरचा वर्ग आणि वेष्टनावरचे वजन तेवढे लिहून आणावे.