अल्पशा आजाराने

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीचा फळा लिहायचं काम माझ्याकडे आहे. टाकी धुणार, लिफ्ट बंद, गणपतीची वर्गणी, आणि अधूनमधून दुःखद निधन. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका पहाटे घरातच गेले. मी खडू घेतला आणि सवयीने लिहून टाकलं, 'अल्पशा आजाराने'. पेपरातल्या निधनवार्ता वाचत वाढलेल्या माणसाचा हात हे दोन शब्द लिहिताना थांबत नाही.

तासाभराने काकांच्या मुलाबरोबर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. घरी मृत्यू झाला की जवाहरबाग स्मशानभूमीत नेण्याआधी डॉक्टरांचा दाखला लागतो, तो 'नमुना ४-अ'. आयुष्यात पहिल्यांदाच मी तो कागद नीट वाचला. त्यात मृत्यूचं कारण एका ओळीत लिहून भागत नाही. पहिल्या ओळीत तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली ते तरी कशामुळे. शिवाय प्रत्येक ओळीसमोर एक रकाना असतो: हा त्रास सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला? डॉक्टरांनी लिहिलं: हार्ट अटॅक, एक तास. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, सहा वर्षं. उच्च रक्तदाब, अठरा वर्षं.

अठरा वर्षं! आणि खाली फळ्यावर माझं 'अल्पशा' तसंच होतं.

याच नमुन्यावर आणखी एक सूचना छापलेली असते. मरणाचा प्रकार लिहू नका, आजार लिहा. म्हणजे 'हृदयक्रिया बंद पडून' हे कारण चालत नाही. बरोबरच आहे. हृदयक्रिया बंद न पडता आजवर कोण गेलंय?

लोक कशाने मरतात याची शिस्तशीर मोजणी पहिल्यांदा केली ती लंडनच्या जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने, १६६२ मध्ये. तिथे दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापल्या जात. मृतदेह पाहून कारण सांगायचं काम म्हाताऱ्या बायकांकडे असे. त्या याद्यांमध्ये कारणं काय, तर 'म्हातारपण', 'अचानक' आणि चक्क 'दात'. दात येण्याच्या वयात मूल गेलं की दात हेच कारण. हसू येतं खरं, पण 'वृद्धापकाळाने निधन' आपण आजही छापतोच. पुढे १८९३ मध्ये पॅरिसच्या जाक बर्तियों या संख्याशास्त्रज्ञाने कारणांची एक आंतरराष्ट्रीय यादी मांडली. सुधारत सुधारत तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. ठाण्यात लिहिलेला दाखला टोकियोतल्या दाखल्याशेजारी ठेवता येतो तो या यादीमुळे.

या सगळ्या कागदांची बेरीज जागतिक आरोग्य संघटना करते. २०२१ मध्ये जगात सुमारे ६ कोटी ८० लाख माणसं गेली. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने सुमारे ९१ लाख. कोविडचं सर्वात वाईट वर्ष होतं ते, तरी कोविड ८८ लाखांवर म्हणजे दुसऱ्या क्रमांकावरच राहिला. त्यानंतर पक्षाघात आणि फुप्फुसांचा जुनाट आजार, म्हणजे आपण ज्याला दमा-खोकला म्हणून सोडून देतो तो. टीबी अजून संपलेला नाही. २०२३ मध्ये त्याने साडेबारा लाख जीव घेतले आणि जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. गरीब देशांत मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया अजून वरच्या क्रमांकांवर आहेत.

अल्पसा आजार म्हणावा तर तो कॉलरा. सकाळी जुलाब सुरू आणि रात्री खेळ खलास. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेलं पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. तिथे आजार दिसत होता आणि उपायाचा गुणही दुसऱ्या दिवशी दिसत होता. काकांच्या आजाराची तऱ्हा निराळी. तो अठरा वर्षं घरात राहिला आणि कुणाला दिसला नाही.

हा आजार किती आधी सुरू होतो याचा धक्कादायक पुरावा युद्धाने दिला. कोरियात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचं शवविच्छेदन झालं आणि निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी वय २२. धडधाकट, कवायत करणारी पोरं. त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बिघाडाच्या खुणा होत्या. सुरुवात होते ती नळीच्या आतल्या अस्तरात चरबी शिरण्यापासून. ती साफ करायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच अडकतात, वर एक पापुद्रा धरतो आणि ढेकूळ वर्षानुवर्षं वाढत राहतं. रक्तदाब जास्त असेल तर अस्तराला रोज थोडी थोडी इजा होते, तंबाखूने आणखी. बरेचदा अटॅक येतो तो नळी भरून बंद झाल्यामुळे नाही, तर तो पापुद्रा फाटून तिथे रक्ताची गुठळी धरल्यामुळे. म्हणून काल तलावपाळीला चार फेऱ्या मारणारा माणूस आज पहाटे जातो आणि आपण म्हणतो, काही झालंच नव्हतं हो त्यांना.

जुन्या काळी डॉक्टरही असंच म्हणत. वाढत्या वयात रक्तदाब वाढणं शरीराला आवश्यकच आहे, असं बऱ्याच जणांचं मत होतं. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० नोंदला गेला. राष्ट्राध्यक्षाची ही गत! तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसेच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,२०९ माणसांना तपासायला सुरुवात झाली. आजारी पडण्याआधीच त्यांची मापं घ्यायची आणि कोण आजारी पडतंय याची वाट पाहायची. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट हे 'जोखीम घटक' आहेत, ही आज आपल्याला पाठ असलेली गोष्ट त्या गावाने शिकवली.

तरीही जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १४० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांना त्याचा पत्ताच नाही. पाचांतल्या साधारण एकाचा ताब्यात आहे. ताब्यात का राहत नाही, ते काकूंच्या एका वाक्यात कळलं. दहाव्याच्या दिवशी त्या म्हणाल्या, "एकशे तीसवर आलं म्हणून त्यांनी गोळी बंद केली. म्हणाले, उगाच कशाला सवय लावायची." गोळी चालू होती म्हणून एकशे तीस आलं, हे काकांना कुणीतरी पाच मिनिटं बसून सांगायला हवं होतं.

मला यातली सर्वात विचित्र गोष्ट वाटते ती इंग्लंडच्या जेफ्री रोझ या डॉक्टरांनी दाखवली. समजा आमच्या ४२ घरांत दोघांचा रक्तदाब भयंकर आहे आणि तीस जणांचा किंचित जास्त. धोका त्या दोघांना मोठा, पण एकूण अटॅक मोजले तर जास्त येतात ते त्या तीस जणांतून, कारण ते संख्येने जास्त. म्हणून सगळ्यांचं मीठ थोडं कमी झालं तर वस्तीला मोठा फायदा. पण तो नेमका कुणाला झाला, हे कधीच सांगता येत नाही. वाचलेल्याला आपण वाचलो हे कळत नाही. असल्या कामासाठी नगरसेवकाचा अभिनंदनाचा फ्लेक्स कोण लावणार?

मिठाचंच घ्या. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा, ही जागतिक मर्यादा. जगाची सरासरी ११ ग्रॅमच्या जवळ. आपण मोजतो ते पानात वाढलेलं मीठ. पापड, लोणचं, फरसाण, ब्रेड यांतलं हिशेबात धरत नाही. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. निम्म्या खेड्यांना असं मीठ दिलं, ज्यात पाव भाग सोडियमऐवजी पोटॅशियमचं मीठ होतं. पाच वर्षांत तिथे पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. चवीत फारसा फरक नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नये, पोटॅशियम रक्तात साचतं. ईस्टर्न एक्स्प्रेसवरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला मिठागरं लागतात. हे वाचल्यापासून ती जरा वेगळीच दिसतात.

आपल्याकडे आणखी एक पंचाईत आहे. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले फक्त २२ टक्क्यांच्या आसपास होते. बाकीच्यांचं काय? डॉ. प्रभात झा आणि भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाने घरोघर माणसं पाठवून विचारलं: छातीत दुखत होतं का, ताप किती दिवस होता, श्वास लागत होता का? मग दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता ती हकिगत वाचून कारण ठरवायचं. या पद्धतीतून कळलं की सर्पदंशाने देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात. बहुतेक खेड्यांत, घरी किंवा वाटेत. दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत, म्हणून कागदावरही आली नव्हती.

काकांच्या मुलाचं वय ४१. दाखला घेऊन निघताना डॉक्टरांनी त्याला थांबवलं, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला. १४६ वर ९४. "आज तुम्ही ज्यातून जाताय त्यात हा आकडा धरत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तेराव्यानंतर आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ मोजून आणा." त्याने मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं कधी मोजलं होतं?"