मशिनी अन् हत्यारं चोरीपासून कशी जपायची : आमच्या गिऱ्हाइकांसाठी

नमस्कार मंडळी,

आजकाल दुकानात बरेच जण भारीतलं कुलूप मागायलेत, साइटवरून ग्राइंडर गेली, गाडीतून ड्रिल गेली म्हणून. कुलूप देऊच की, पण त्याच्या आधी एक काम करा जे जवळपास कुणीच करत नाही, मशीनवर आपली खूण टाका अन् बिल जपून ठेवा. कारण असंय की एका कंपनीच्या सगळ्या ग्राइंडर सारख्याच दिसतात, उद्या चोर सापडला अन् पोलिसांनी पोत्यातून सात-आठ मशिनी काढून समोर मांडल्या तर त्यातली तुमची कोणती हे कशावरून सांगणार? जप्त झालेला मुद्देमाल कोर्टाच्या ऑर्डरवर परत मिळतो, तिथं वस्तू आपली आहे हे दाखवावं लागतं.

मशीनवरच्या पट्टीवर सिरियल नंबर असतो, त्याचा अन् बिलाचा फोटो काढा आणि घरातल्या कुणाच्या तरी फोनवर पण पाठवून ठेवा, तुमचाच फोन गेला तर काय करता. पट्टी बऱ्याचदा स्टिकरचीच असती, ती खरवडून निघती, म्हणून वेगळी खूण लागती. पाने, हातोडी, पाइप रेंच असल्या लोखंडी मालावर अक्षरांचा पंच मारायचा, प्लास्टिक बॉडीवर एनग्रेव्हर, म्हणजे नाव कोरायचं छोटं मशीन, चालतो. एक खूण दिसेल अशी अन् दुसरी लपलेली, बॅटरी बसते त्या खाचेत वगैरे. वरून भडक रंगाचा एक पट्टा ओढा, मशीन जरा वंगाळ दिसती हे मान्य, पण चोराला विकायला अवघड जाती आणि साइटवर दुसऱ्याच्या पिशवीत “चुकून” जायचं पण बंद होतं.

आता गाडीचं बघा. छोटा हत्ती नाहीतर पिकअपवर ताडपत्री बांधून निवांत झोपणारे लई लोक आहेत, ताडपत्री पावसासाठी असती हो. जाड पत्र्याची पेटी करून हौद्याला बोल्टनं आवळून घ्या, बोल्टचं डोकं बाहेरून गोल पाहिजे म्हणजे पाना लागत नाही, नट पेटीच्या आत, आणि बिजागरी पण आतूनच, नाहीतर कुलूप जागेवर राहतं अन् चोर बिजागरीची पिन काढून झाकण उचलतो. व्हॅन असेल तर मागचं दार भिंतीला चिकटवून लावा. रात्री निदान बॅटऱ्या तरी घरात न्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बंद गाडी भट्टीसारखी तापती, लिथियम बॅटरीला ते मानवत नाही, तवा दिवसा पण गाडीत ठेवू नका. अन् हे लक्षात असू द्या की गाडीच्या नेहमीच्या विम्यात आत ठेवलेल्या हत्यारांचे पैसे मिळत नाहीत, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो, त्यात पण बहुतेक वेळा कुलूप फोडल्याची खूण मागतात.

घरी काय होतं, कुलूप आठशेचं अन् कोयंडा तीस रुपयाचा, त्याचे स्क्रू बाहेरून दिसायलेत. चोर कुलपाला हातच लावत नाही, पेचकसनं कोयंडा काढतो. कोयंडा आरपार बोल्टचा बसवा, कुलूप असं घ्या की ज्याची कडी खांद्यात लपलेली असती, कटरला पकड मिळत नाही. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायला जातात तवा खालच्या खोलीला आठवणीनं कुलूप घाला. शिडी, पहार, सब्बल बाहेर टेकवून ठेवू नका, आपल्याच पहारीनं आपलंच दार फोडलं जातं. कॅमेरा लावला असेल तर तो आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, लाइट गेल्यावर नुसता डबा आहे तो.

चोरी झालीच तर आवराआवर करू नका, हात लावायच्या आधी फोटो काढा, 112 ला फोन लावा. हद्द आमची नाही म्हणून कुठलंच ठाणं तक्रार घ्यायला नकार देऊ शकत नाही, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय, अन् एफआयआरची कॉपी फुकट मिळती. ती मागून घ्याच, विम्याला लागती.

अजून एक, कुणी बिनबिलाची मशीन अर्ध्या किमतीत आणून दिली तर घेऊ नका. चोरीचा माल आहे हे कळत असून घेतला तर घेणाऱ्यावर पण केस होते.

आमच्याकडून घेतलेल्या मशीनवर नाव कोरायचे पैसे आम्ही घेत नाही, दुसरीकडून घेतलेली असेल तरी आणा, फक्त बिल सोबत पाहिजे. दुपारी एक ते तीन आणू नका, जेवायला घरी जातो.